कित्त्यावरची विमाने

स्वस्त, नकली किटची फ्रेम हातात आली की मी आधी एक गोष्ट शोधतो. विमानाचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या ज्या काड्यांना लगडलेले असतात, त्यांच्या कडेला सहसा एक लहानशी चपटी पट्टी असते. मूळ कंपनी त्या पट्टीवर आपले नाव, साल आणि देश उठावाच्या अक्षरांत देते. नकली किटमध्ये पुष्कळदा ती पट्टी असते, पण कोरी. साचा उचलणाऱ्याने नाव काढून टाकलेले असते. नावाची जागा काढायची मात्र त्याच्या लक्षात राहिलेली नसते.

मराठी शाळेत शिकलेल्यांना 'कित्ता' वेगळा समजावून सांगायला नको. वरच्या ओळीत वळणदार अक्षर, खाली रिकाम्या ओळी. वरचे पाहून खाली गिरवायचे. शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि इतका रुळला की एखाद्याच्या चांगल्या वागण्याचाही आपण 'कित्ता गिरवतो'. कित्ता गिरवणाऱ्या मुलाला कोणी चोर म्हणत नाही. दुसऱ्याने पैसे आणि वर्षे घालून केलेल्या साच्यावरून कारखान्याने आपला साचा काढला, तर ती चोरीच. नकली किट ही एकाच वेळी दोन्ही आहे. कारखान्याच्या दाराशी ती उचलेगिरी असते आणि टेबलाशी बसलेल्या शिकाऊ माणसापुढे ती कित्ता असते. या दोन बाजूंचा हिशेब एकदा नीट मांडावा, असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी प्लॅस्टिकच्या विमानांचा इतिहास थोडा मागून सांगावा लागतो, कारण या छंदाच्या मुळाशीच नक्कल आहे.

विमानाची लहान प्रतिकृती ठरावीक प्रमाणात करायची ही शिस्त इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात रुजली. १९३२ मध्ये 'स्कायबर्ड्‌स' नावाचे लाकडी संच निघाले. जेम्स हे स्टीव्हन्स यांनी त्यांच्यासाठी १:७२ हे प्रमाण वापरले. सहा फुटांना एक इंच, म्हणजे सहा फुटी वैमानिक प्रतिकृतीत एक इंच उंचीचा. गणित सोपे आणि आकार मुठीत मावणारा. आजही जगभरच्या विमानांच्या किटमध्ये हे प्रमाण सर्वाधिक चालणाऱ्यांपैकी आहे. १९३६ च्या अखेरीस इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्ट या कंपनीने याच प्रमाणात प्लॅस्टिकचे संच काढले. कंपनीच्या उडणाऱ्या खेळण्यांचे नाव 'फ्रॉग' होते. हे नवे संच उडणारे नव्हते, म्हणून त्यांना न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव मिळाले: 'पेंग्विन'. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर, हॉकर फ्यूरी आणि ब्लॅकबर्न शार्क ही पहिली तीन विमाने. प्लॅस्टिक होते सेल्युलोज ॲसिटेट. ते काळाबरोबर वाकते, त्यामुळे पेंग्विनचे जुने पंख आज सरळ मिळणे कठीण.

दुसऱ्या महायुद्धात प्रतिकृतीला वेगळे काम मिळाले. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे काही क्षणांत ओळखायचे असे. डोळ्याला ती सवय लावण्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळांना आवाहन केले: ५० प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी १०,००० प्रमाणे ५ लाख लाकडी प्रतिकृती हव्यात, प्रमाण १:७२. शाळकरी मुलांनी पाठवलेल्या नकाशांवरून लाकूड तासले, घासले, काळे रंगवले. पुढे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने त्याच कामासाठी प्लॅस्टिकची विमाने ओतली. सरावासाठी प्रतिकृती ही कल्पना तेव्हापासूनची आहे. तेव्हा डोळ्याचा सराव होता. हाताचा सराव पुढे आला.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन स्वस्त झाले आणि इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रे वाढली. आता किटची खरी किंमत साच्यात होती. पोलादात कोरलेला साचा महाग आणि वेळखाऊ. एकदा झाला की मात्र प्लॅस्टिकचा दर घाण्याला काही पैसे. ज्या धंद्यात पहिली प्रत अतिशय महाग आणि पुढची प्रत्येक जवळजवळ फुकट असते, तिथे नक्कल करणारा लांब राहत नाही. छापखान्यांच्या जगाने हे फार आधी पाहिले होते.

१९५० मध्ये ब्रुकलिनमध्ये ऑरोरा ही कंपनी सुरू झाली. १९५२ मध्ये तिने स्वतःची म्हणून पहिली विमाने बाजारात आणली, ती शिकागोच्या हॉक कंपनीच्या पँथर आणि एफ-९० या किटवरून उचललेली होती. काही काळातच ऑरोराने स्वतःचे १:४८ प्रमाणातले स्पिटफायर काढले. आणि १९५३ मध्ये लंडनच्या एअरफिक्सने आपले पहिले विमान काढले, तेही स्पिटफायर. ते ऑरोराच्या किटची १:७२ मध्ये आणलेली लहान नक्कल होती. म्हणजे नक्कल करून उभ्या राहिलेल्याची नक्कल.

एअरफिक्सचा संस्थापक निकोलस कोव्ह हा हंगेरीतून आलेला ज्यू निर्वासित. १९३९ मध्ये त्याने हवा भरलेली रबरी खेळणी करायला सुरुवात केली, पुढे प्लॅस्टिकचे कंगवे केले. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना दाखवायला एक लहान ट्रॅक्टर करून दिला. १९५२ मध्ये वुलवर्थच्या दुकानांसाठी 'गोल्डन हाइंड' हे जहाज पिशवीत सुटे भाग घालून दोन शिलिंगला विकले. विमान विकले जाईल यावर कोव्हचा विश्वास नव्हता. साच्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करीन, असे त्याने आपल्या माणसांना बजावले होते. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये 'एअरफिक्स' हे प्लॅस्टिक मॉडेलचेच दुसरे नाव झाले. ज्या घराण्याला आज मूळ आणि अस्सल मानतात, त्याचे पहिले पान असे गिरवलेले आहे.

जपानमध्येही गोष्ट फार वेगळी नाही. १९५८ च्या डिसेंबरात मारुसान कंपनीने 'नॉटिलस' ही अणुपाणबुडी काढली. जपानी प्लॅस्टिक मॉडेलची सुरुवात सहसा तिच्यापासून मोजतात. ती अमेरिकेच्या रेवेल कंपनीच्या किटवरून बेतलेली होती. शिझुओकातली तामिया तेव्हा लाकडी संच करत होती. प्लॅस्टिकच्या लाटेत लाकूड विकेना, म्हणून तिने १९६० मध्ये 'यामातो' या युद्धनौकेचे पहिले प्लॅस्टिक किट काढले. प्रतिस्पर्ध्याची त्याच जहाजाची किट ३५० येनला आली, तेव्हा तामियालाही भाव तेवढाच खाली आणावा लागला आणि तोटा झाला. त्याच तामियाच्या किट पुढे अचूकपणासाठी जगात नावाजल्या गेल्या. मग १९७० आणि १९८० च्या दशकांत दक्षिण कोरियातल्या कारखान्यांनी जपानी किट समोर ठेवून आपले साचे काढले. १९८७ मध्ये कोरिया जागतिक लेखाधिकार करारात आला आणि तिथली हवा हळूहळू बदलली. त्या देशातल्या कंपन्या आज स्वतः संशोधन करून किट काढतात आणि चीनमधले लहान कारखाने त्यांच्या नकला करतात. वर्ग तोच राहतो. बाकावर बसणारे बदलत जातात.

नक्कल होते कशी, हे पाहिले की तिचे दोषही कळतात. सरळ मार्ग असा: मूळ किटचे भाग विकत घ्यायचे, त्यांवरून राळेचा ठसा घ्यायचा, ठशावरून पँटोग्राफ यंत्राने पोलाद कोरायचे किंवा तांब्याचा अगर ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड करून ठिणग्यांनी पोलाद झिजवायचे. प्रत्येक पायरीला थोडे हरवते. पॉलिस्टायरीन साच्यात थंड होताना साधारण अर्धा टक्का आक्रसते. मूळ साचा करणारा हे गृहीत धरून साचा तेवढा मोठा ठेवतो. आक्रसलेल्या भागावरूनच नवा साचा काढला आणि भरपाई केली नाही, तर नक्कल पुन्हा अर्ध्या टक्क्याने लहान होते. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, १:७२ मध्ये सुमारे १५६ मिलिमीटर. अर्धा टक्का म्हणजे पाऊण मिलिमीटर. डोळ्याला ते दिसत नाही. पण मूळ किटचा पंख नकलेच्या धडाला लावायला गेले की कळते.

आकारापेक्षा जास्त हरवतात रेघा. पत्र्यांच्या जोडांच्या बारीक खाचा ठशात बुजतात, रिव्हेटचे ठिपके बोथट होतात, पंखाची मागची कडा सुरीसारखी असायची ती रुळासारखी जाड येते. साच्याचे दोन अर्धे नीट मिळत नाहीत, तिथे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. भाग जाड असेल तिथे वर खळगा पडतो. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच भिंगासारखी जाड आणि धुरकट येते.

मात्र चूक सहसा हरवत नाही. मूळ किटमध्ये इंजिनाचे झाकण लांब असेल तर नकलेतही लांब. मूळ भागाच्या आत साच्याच्या खिळीची गोल खूण असेल, तर तीही कधी कधी इमानाने उतरते. मग नकलेच्या स्वतःच्या खिळीची खूण तिच्या शेजारी. किटचे जाणकार नक्कल ओळखतात ती या समान चुकांवरून. बरोबर गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते. एकच विचित्र चूक दोघांनी स्वतंत्रपणे करणे अवघड.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही रीत ओळखीची वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. १९२५ पासून वि. स. सुखठणकर त्याचे प्रमुख संपादक होते. बाराशेहून अधिक हस्तलिखिते समोर ठेवून, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, कोणत्या पोथ्या एका घराण्यातल्या, हे ठरवण्याचे ते काम होते. त्यात समान पाठ आणि समान चुका या वाटाड्या असतात. पोथी आणि पंख यांची तोलामोलाची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण नकलांच्या वंशावळीचा शोध दोन्हीकडे याच वाटेने जातो. आणि पोथी उतरवणाऱ्या लेखकूला आपण चोर म्हणत नाही, कारण त्याच्यामुळे ग्रंथ टिकला. किटच्या बाबतीतही, मूळ साचे हरवले किंवा भंगारात गेले, अशा वेळी नक्कलच मागे उरू शकते.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती नकलेची नसून तिच्यात नाव मात्र पुसले गेले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर फ्रॉग कंपनीचा शेवट आला, तेव्हा तिचे पुष्कळ साचे करार करून सोव्हिएत संघात गेले. जर्मन आणि जपानी लढाऊ विमानांचे साचे तिकडे नको होते; त्यांतले बरेच रेवेलकडे गेले. उरलेल्यांतून निघालेल्या किट काही काळ 'नोव्हो' नावाने पश्चिमेत विकल्या गेल्या. सोव्हिएत मुलांना त्याच किट साध्या खोक्यांत मिळत, आणि कित्येकांवर विमानाचे नावही नसे, फक्त 'लढाऊ विमान' असा मोघम उल्लेख. तिकडच्या पिढीने ब्रिटिश विमाने जोडली, पण आपण काय जोडतो आहोत ते खोक्यावरून कळायची सोय नव्हती. रशियन भाषेत अशा प्रतिकृतीला 'मॉडेल-कोपिया' म्हणतात. त्या शब्दात 'कॉपी' उघडच आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

खऱ्या विमानांच्या कारखान्यांनीही कित्ते गिरवले आहेत. १९४४ मध्ये अमेरिकेची तीन बी-२९ बाँबफेकी विमाने जपानवरच्या मोहिमांतून भरकटून सोव्हिएत अतिपूर्वेत उतरली. स्टालिनने हुकूम केला: हुबेहूब असेच करा. एक विमान खिळाखिळा सुटे केले, एक उड्डाणासाठी ठेवले, एक पडताळ्यासाठी. अडचण पत्र्यात आली. अमेरिकी पत्रा इंचाच्या सोळाव्या हिश्शाचा, म्हणजे १.५९ मिलिमीटर, सोव्हिएत गिरण्यांत तसा पत्राच निघत नव्हता. मग कुठे थोडा जाड, कुठे थोडा पातळ, असे भागाभागाला गणित पुन्हा करावे लागले. ३ ऑगस्ट १९४७ रोजी तुशिनोच्या आकाशात तुपोलेव्ह टीयू-४ दिसले, तेव्हा ते मूळ विमानापेक्षा सुमारे १ टक्काच जड भरले होते. वरून पाहणाऱ्याला ती नक्कल होती. आत तिने एका देशाच्या धातूकामाला, रेडिओला आणि उपकरणांना नवे वळण लावले होते.

आपल्याकडचे उदाहरण नकलेचे नाही. रीतसर परवान्याचे आहे. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये मिग-२१ च्या सांगाड्यासाठी कारखाना उभा राहिला. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. पहिल्या टप्प्यात रशियातून आलेले मोठे भाग जोडायचे, मग लहान भाग जोडायचे, आणि शेवटी कच्च्या मालापासून विमान करायचे, अशा पायऱ्या होत्या. म्हणजे ओझरची सुरुवातही एका प्रचंड किटनेच झाली. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने पुढे साडेसहाशेहून अधिक मिग-२१ तयार केली. भारतीय हवाई दलातून ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. चीनलाही त्याच मिग-२१ चा परवाना मिळाला होता, पण रशियाशी बिनसल्यावर कागदपत्रे अपुरी राहिली. हाती आलेल्या विमानांवरून आणि भागांवरून उरलेले शोधून काढत चीनने जे-७ केले. ते १९६६ च्या जानेवारीत उडाले. एकाच विमानाचे दोन विद्यार्थी. एकाला गुरुजी वर्गात होते, दुसऱ्याला अर्धे पुस्तक मिळाले.

खेळण्यांच्या जगात भारताने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या 'डिंकी' मोटारींचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' निघू लागल्या. आयातीवर परवाने होते, त्यामुळे परदेशी किट म्हणजे कोणा काकांनी विमानातून आणलेली वस्तू. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या मालावरची आयात-संख्येची बंधने उठली. त्यानंतर चिनी खेळण्यांबरोबर निनावी विमानांच्या किटही दुकानांत आणि जत्रांत आल्या. २०१० च्या आसपास वारे उलटे फिरले: एअरफिक्सच्या मालकांनी उत्पादन इथे हलवले होते आणि त्यांच्या अनेक खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेले असे. इंग्रज मुले भारतात ओतलेले स्पिटफायर जोडत होती. इथल्या छांदिष्टाला मात्र तेच खोके परदेशातून मागवावे लागे. पुढे २०२० मध्ये खेळण्यांवरचा आयात कर २० वरून ६० टक्क्यांवर गेला, २०२३ मध्ये ७० वर. जकातीच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच रांगेत बसते.

हा कर कशासाठी, यावर इथे बोलत नाही. त्याचा टेबलावरचा परिणाम सांगतो. चांगली किट इतकी महाग पडते की ती उघडायला हात धजत नाही. माझ्या ओळखीच्या जवळपास प्रत्येक छांदिष्टाच्या कपाटात अशी एक तरी किट आहे: वर्षानुवर्षे तिचे खोके उघडून पाहायचे, कागद वाचायचा, फ्रेम उन्हात धरायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. 'हात बसला की करीन.' पण हात कपाट पाहून बसत नाही. माझ्या कपाटातही असे एक खोके अकरा वर्षे होते.

अशा माणसासाठी नकली किट ही फार मोठी सोय आहे, कारण ती बिघडली तरी चालते. तिच्यावर पहिल्यांदा जे शिकायचे ते कापणे. भाग पिरगाळून तोडायचा नाही. आधी फांदीपासून दूर कापायचा, मग उरलेला खुंट धारदार पात्याने पातळ काप घेत काढायचा, शेवटी कानस. पापुद्रा असलेली नकली किट हे काम एका संध्याकाळी शंभर वेळा करायला लावते. दुसरे शिक्षण कोरड्या जुळणीचे. गोंद लावण्याआधी धडाचे दोन अर्धे चिकटपट्टीने बांधून पाहायचे. चांगल्या किटमध्ये ते आपोआप बसतात, त्यामुळे का बसतात हे कधी कळत नाही. नकलेत ते बसत नाहीत. कुठली खुंटी जाड आहे, कुठली भिंत आत झुकली आहे, हे शोधावे लागते, आणि त्यातून विमानाचा आकार कसा भागला आहे हे हाताला समजते.

तिसरे, जोड. पॉलिस्टायरीनचा द्रव गोंद चिकटवत नाही, वितळवतो. दोन कडा जुळवून ब्रशचे टोक रेघेला टेकवले की गोंद केशाकर्षणाने आत धावतो. मग हलके दाबले की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येते. ती पूर्ण सुकू द्यायची, निदान एक दिवस, आणि मग घासायची. इथेच घाई होते, आणि घाईचा ठसा पंखावर बोटाच्या ठशाच्या रूपात कायमचा राहतो. पॉलिश पेपर ४०० चा, मग ६००, ८००, १०००, पाणी लावून. फट राहिलीच तर पुट्टी. घासताना पत्र्याच्या जोडांच्या रेघा पुसतात, आणि नकलेत त्या मुळातच अर्ध्या पुसलेल्या असतात, म्हणून चौथे काम रेघा पुन्हा कोरण्याचे. लवचीक पट्टीचा आधार घ्यायचा, शिवणयंत्राची सुई धरायच्या दांड्यात बसवायची आणि जवळजवळ वजन न देता चारपाच वेळा ओढायची. पहिल्या दोन नकली किटवर माझी सुई प्रत्येक वळणावर घसरली. चौथ्यावर घसरली नाही. त्या चार किटची मिळून किंमत एका चांगल्या किटच्या पावपटही नव्हती.

याच कामात एक जुनी समजूतही ढासळते. आपण मूळ किटला 'अचूक' म्हणतो. पण १:७२ मध्ये ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची भेग. अशी भेग असलेले विमान कोणी उडवणार नाही. उत्तमोत्तम किटवरच्या रेघाही अशाच फुगवलेल्या असतात, कारण डोळ्याला त्या दिसायला हव्यात. तीही शेवटी एका वस्तूची ठरलेल्या संकेतांनी केलेली नक्कलच. हे मला महागड्या किटने शिकवले नाही. रेघा पुसलेल्या स्वस्त किटवर त्या स्वतः काढाव्या लागल्या, तेव्हा कळले.

पण कित्त्याचे तोटे आहेत, तेही सांगायला हवेत. नकली किटवरच शिकलेला हात दडपून भरायला शिकतो: दिसली फट की पुट्टी. चांगल्या किटमध्ये फट दिसली तर चूक बहुधा आपली असते, हे त्याला उशिरा कळते. नकलेचे प्लॅस्टिक कधी मऊ, कधी ठिसूळ; गोंद त्याच्यावर वेगळा वागतो. आणि सगळ्यात वाईट सवय बेफिकिरीची. 'ही तर स्वस्तातली आहे' म्हणून सोडलेला कोपरा पुढे महागड्या किटमध्येही सुटतो. कित्ता गिरवताना लक्ष नसेल तर तीच चूक घट्ट होते, हे पंतोजींनी पाटीवर सांगितलेच होते.

राहता राहिला चोरीचा प्रश्न. त्यातून मला पूर्ण सुटका सापडलेली नाही. संग्रहालयात जाऊन विमान मोजणारा, जुनी छायाचित्रे जुळवणारा, लाकडात मोठा नमुना कोरणारा, पोलादावर महिनेन्‌महिने वाकणारा असा कोणीतरी त्या कोऱ्या पट्टीमागे आहे. मूळ किटवरही त्याचे स्वतःचे नाव सहसा नसते, कंपनीचे असते. नकलेत तेही गेले. एअरफिक्सपासून कोरियापर्यंत सगळ्यांनी नकलेतून सुरुवात केली म्हणून नक्कल निर्दोष ठरत नाही. एवढेच ठरते की नक्कल करणारा तिथेच थांबला की पुढे गेला, यावर त्याचा निवाडा व्हावा. हीच कसोटी टेबलाशी बसणाऱ्यालाही लागते. नकलेवर हात बसवायचा आणि हात बसला की मूळ किट विकत घेऊन ती खरोखर जोडायची. ते पैसे नमुना कोरणाऱ्याच्या घराकडे जातात. किट कपाटातच ठेवली, तर आपण कित्ता संपवून पत्र कधी लिहिलेच नाही.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू दोन ओळी लिहीत. समोर जशी पोथी होती तशी मी उतरवली, चूक असेल तर दोष मला देऊ नये, अशा अर्थाच्या. देशभर, अनेक लिप्यांत ही विनवणी सापडते. मीही आता तसे काही करतो. नकली किटच्या धडाचे दोन अर्धे बंद करण्याआधी, समान चुकांवरून मूळ किट कोणती ते शोधतो आणि सापडले तर त्या कंपनीचे नाव आणि साल आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितो. मग गोंद लावतो. बाहेरून ते कोणाला दिसत नाही.

अकरा वर्षांचे खोके गेल्या पावसाळ्यात उघडले. पंख धडाला लागले तेव्हा पुट्टीची गरज पडली नाही.